ओवेन मेरिटचं अभिनंदन

केकवर ओवेन मेरिट नावाच्या कुणा इसमाचं अभिनंदन केलेलं होतं.

हृषिकेशने खोक्याचं झाकण उचललं, खाली ठेवलं, गाडीत येऊन एसी लावला आणि पुन्हा उचललं. निळ्या आयसिंगमधली अक्षरं सुबक, तिरकी आणि अगदी ठाम होती. 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स ओवेन मेरिट.' चूक कुठे झाली ते त्याला लगेच कळलं. काल त्याने खाणीवरून फोन केला होता, मागे क्रशर धडधडत होता, आणि बेकरीतल्या मुलीला त्याने घसा फोडून दोनदा सांगितलं होतं, "ओवी. ओपन मेरिट." तिने दोन्ही मिळून एक माणूस केला होता.

केकवर 'ओपन मेरिट' कशाला लिहायचं, असं मेहेंदळ्यांच्या घरात कुणी विचारलं नसतं. तीस वर्षांपूर्वी हृषिकेशची पुण्यातली मेडिकलची सीट थोडक्यात हुकली होती, आणि तेव्हापासून ती हुकलेली सीट घरात वडिलोपार्जित दागिन्यासारखी जपली गेली होती. गणपतीत चार माणसं जमली की ती बाहेर निघे. हृषिकेशचे वडील बापू आल्यागेल्याला सांगत, की ओपनमध्ये होता म्हणून, नाहीतर आज हा सर्जन असता. पुढे धाकट्या अवधूतने विनीता सोनकांबळेशी लग्न ठरवलं, आणि ती त्याच वर्षी त्याच कॉलेजात राखीव जागेवर लागली होती असं निघालं, तेव्हा तर चोरीला गेलेल्या मालाचा तपास लागल्यासारखं झालं. लग्नाच्या पंगतीत हृषिकेश तिला म्हणाला होता, "चला, माझी सीट शेवटी घरातच आली." सगळे हसले होते. विनीताही हसली होती, आणि तिने ते वाक्य लक्षात ठेवलं होतं.

आता त्याच्या मुलीला, ओवीला, मेडिकल मिळालं होतं ते रूरल पाथवेमधून. लहान गावांत वाढलेल्या मुलांसाठी युनिव्हर्सिटीने काही जागा बाजूला ठेवलेल्या असतात, तिथे मार्क थोडे कमी चालतात, आणि ऑस्ट्रेलियात पर्थपासून सहाशे किलोमीटर आत वाळवंटात वसलेलं कालगुर्ली त्यात अलगद बसतं. हृषिकेशला हे पक्कं ठाऊक होतं. ओवी इथेच वाढली याचे पुरावे त्यानेच धावपळ करून गोळा केले होते. पण पाथवे म्हणजे काही कोटा नव्हे, असं त्याने स्वतःला पटवलं होतं, आणि फॅमिली ग्रुपवर बातमी टाकताना त्याच्या अंगठ्याने जुन्या सवयीने लिहिलं होतं, 'ओवीला मेडिकल. ओपन मेरिट.' पुण्याहून धडाधड जोडलेले हात आले होते. बापूंनी तर देवापुढे पेढे ठेवल्याचा फोटो पाठवला होता.

त्याने झाकण लावलं आणि गाडी घराकडे वळवली.

"हा ओवेन कोण?" बायकोने, स्वरदाने विचारलं.

"सुरी दे."

"सुरीने काय करणार आहेस?"

"ओवेन खरवडतो."

"मग नुसतं मेरिट राहील."

"तेवढं चालेल," हृषिकेश म्हणाला आणि कामाला लागला.

स्वरदाने त्याला सुरी दिली, कारण तिच्या डोक्यात केकपेक्षा मोठी काळजी होती. ओवी सकाळपासून खोलीबाहेर आली नव्हती. युनिव्हर्सिटीची ऑफर आज संध्याकाळपर्यंत स्वीकारायची होती. एक बटण दाबायचं होतं, आणि ते दाबल्याचं लेकीने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. स्वरदाने दारावर तीनदा टकटक केली होती, आणि तीनदा आतून "येस, आई, आय नो" आलं होतं. या चार शब्दांचा अर्थ 'नाही' असतो, एवढं तिला अठरा वर्षांच्या अनुभवाने कळत होतं.

दुसरी काळजी बैठकीत बसली होती. तिचा भाऊ शैलेंद्र सिडनीहून ऑफिसच्या कामाने पर्थला आला होता आणि तिथून मुद्दाम विमान करून भाचीचं अभिनंदन करायला कालगुर्लीला थडकला होता. सिडनीतल्या पेंडल हिलच्या स्टेशनसमोरच्या दुकानातून त्याने बाकरवडी आणली होती. अभिनंदनही तोंड भरून केलं होतं. चेहरा मात्र दहाव्याला आल्यासारखा होता. त्याच्या रुद्रनेही पर्थच्या त्याच युनिव्हर्सिटीत अर्ज केला होता. रुद्रला मार्क ओवीपेक्षा जास्त होते, आणि रुद्रला ऑफर आली नव्हती.

जेवायची वेळ झाली तेव्हा विनीता इथल्या हॉस्पिटलमधून परस्परच आली. अवधूत साइटवर होता, तो शुक्रवारपर्यंत येणार नव्हता. विनीताने चपला काढल्या, हात धुतले, ओट्यावरच्या केककडे पाहिलं, निळा रंग फासलेल्या अर्ध्या भागाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि काहीही न विचारता ताटावर बसली.

पहिल्या दोन पुऱ्या शांततेत गेल्या.

"ओवीला बारावीचा एटार किती म्हणालात, हृषिकेशराव?" शैलेंद्रने विचारलं. त्याला आकडा माहीत होता.

"सत्त्याण्णव."

"छान. छानच. रुद्रला नव्व्याण्णव पॉइंट चार." त्याने श्रीखंडात पुरी बुडवली. "नाही, आपलं सहज सांगितलं."

"मार्क म्हणजे सगळं नसतं, शैलेंद्र," हृषिकेश म्हणाला.

स्वरदाचा झारा कढईवर तसाच थांबला. हे वाक्य या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"नव्व्याण्णव आणि सत्त्याण्णव हे नुसते आकडे झाले," हृषिकेशला आता वेग आला. "कोण कुठून धावायला लागलं ते बघशील की नाही? तुझ्या रुद्रला सिलेक्टिव्ह स्कूल, तीन-तीन ट्यूशन, दारात ट्रेन. इथे बारावीला अर्धं वर्ष फिजिक्सला शिक्षक नव्हता. स्पोर्ट्सचा एक मास्तर यायचा, व्हिडिओ लावायचा आणि नो वरीज म्हणून निघून जायचा. त्यातून पोरीने सत्त्याण्णव काढले. त्याची किंमत जास्त नाही का?"

"मग शहरात जायचं. कुणी अडवलं होतं?"

"सगळ्यांना जाता येतं का? परिस्थिती नावाची काही गोष्ट असते. समान संधी म्हणजे काय, की आधी..."

"भावजी, जरा सावकाश," विनीता म्हणाली. "ऐकायला फार बरं वाटतंय. श्रीखंड इकडे सरकवा."

शैलेंद्रला हसू आलं नाही. रुद्र निकाल लागल्यापासून फारसं बोलत नव्हता. मुलाची मेहनत त्याने डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती कुठे जमा झाली हे त्याला कुणी सांगत नव्हतं. सिडनीत या विषयावर कुणाशी बोलायची सोय नव्हती. बोलायला एकच माणूस होता, आणि तो हृषिकेश. आयुष्यभर ज्याने आपल्याला हेच शिकवलं, तोच माणूस आज श्रीखंड खात पलीकडच्या बाजूला जाऊन बसला होता.

"आणि पेशंटचं काय?" तो म्हणाला. "कमी मार्कांचा डॉक्टर सुरी घेऊन समोर उभा राहिला तर? हे मी नाही म्हणत. तुम्ही म्हणाला होतात, माझ्या लग्नात, माझ्या सासऱ्यांसमोर."

"आत जाताना मार्क कमी असतील. बाहेर पडताना परीक्षा सगळ्यांना एकच असते," हृषिकेश म्हणाला.

विनीताचा चमचा थांबला. हे वाक्य तिच्या वडिलांचं होतं. ते एसटीत कंडक्टर होते, आणि उदगीरच्या स्टँडवर कुणी मुलीच्या ॲडमिशनवरून टोमणा मारला की तिकिटाचा पंच वाजवत ते हेच, शब्दाला शब्द असंच म्हणत. आता तेच वाक्य मेहेंदळ्यांच्या तोंडून आलं होतं. आधी तिला हसू आलं. मग रागही आला. आपल्या घरात कुणीतरी न विचारता राहायला यावं आणि आल्या आल्या फ्रीज उघडावा, तसं तिला वाटलं.

"म्हणजे कोटा चांगला," शैलेंद्र म्हणाला.

"कोटा नव्हे. पाथवे."

"फरक काय?"

"पाथवे म्हणजे वाट. तिच्यावरून आपण स्वतः चालत जातो."

"आणि कोट्यात?" विनीताने शांतपणे विचारलं. "उचलून नेतात?"

हृषिकेशने अख्खी पुरी तोंडात घातली. ती संपेपर्यंत उत्तर द्यायची सोय नव्हती, आणि ती त्याने बरीच पुरवली.

"फरक कशाला शोधता?" शैलेंद्र म्हणाला. आता त्याने सगळंच सोडलं होतं. "तुम्ही स्वतः इंजिनिअरिंगला कुठून गेलात? डोनेशन भरून, मॅनेजमेंट कोट्यातून. बापूंनीच मला सांगितलंय. तेव्हा कुठली वाट होती?"

त्याच क्षणी गावाशेजारच्या खाणीच्या पिटमध्ये दुपारचा सुरुंग उडाला. खिडक्या थरथरल्या, ताटांतल्या वाट्या किणकिणल्या आणि केक ओट्यावर बोटभर सरकला. कालगुर्लीत याला कुणी दचकत नाही. शैलेंद्र मात्र खुर्ची सोडून अर्धा टेबलाखाली गेला होता.

"ब्लास्टिंग आहे रे, बस," स्वरदा म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. मॅनेजमेंट कोट्याचा उल्लेख न करणं हा तिच्या संसारातला सर्वांत जुना अलिखित नियम होता, आणि तो तिच्या भावाने तिच्याच पुऱ्या खात मोडला होता.

"आय हॅवन्ट ॲक्सेप्टेड इट," दारातून आवाज आला.

ओवी उभी होती. केस विंचरलेले नव्हते, हातात फोन होता.

"आत्ता कर मग," हृषिकेश म्हणाला. "इथे सगळ्यांसमोर कर. मी व्हिडिओ काढतो."

"नाही घेत आहे मी, बाबा. आय'म गोइंग टू डिक्लाइन. सायन्सला जाते आणि मग पोस्टग्रॅड मेडिकलला ट्राय करते. ओपनमधून."

"वेड लागलंय का तुला?" स्वरदाने गॅस बंद केला. "लहानपणापासून डॉक्टर, डॉक्टर करते आहेस."

"आय नो. अजूनही व्हायचंय." ओवी म्हणाली. "पण मग तुम्ही सगळे माझ्याबद्दल गाडीत बोलाल."

शैलेंद्रला काही कळलं नाही. हृषिकेशला पुरतं कळलं.

ओवीला ती गाडी आठवत होती. काकूकडून जेवून घरी यायचा रस्ता जेमतेम दहा मिनिटांचा, आणि त्यात कधी ना कधी बाबा म्हणायचेच, "विनीता हुशार आहे. हात चांगला आहे तिचा. पण शेवटी..." वाक्य तिथेच थांबायचं आणि आई खिडकीबाहेर बघायची. लहान असताना तिने एकदा विचारलं होतं की शेवटी काय. बाबा म्हणाले होते, मोठी झालीस की कळेल. ती मोठी झाली होती आणि तिला कळलं होतं.

"ओवी हुशार आहे," ती म्हणाली, अगदी बाबांच्या चालीत, "मार्क बरे आहेत तिचे. पण शेवटी रूरल." मग ती विनीताकडे वळली. "सॉरी, काकू."

"सॉरी कशाला? मला माहीत आहे," विनीता म्हणाली. "इथे आलात तेव्हा आठ महिने तुम्ही माझ्या मागच्या खोलीत राहिलात. ऑस्ट्रेलियातल्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा असतो. तुम्हाला ते गाडीत बोलायचं कधी सुचलं, ते मला आठवतंय. स्वतःची गाडी घेतल्यावर."

स्वरदाने डोळे मिटले. ते आठ महिने तिलाही आठवत होते. बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरला शहरात लगेच जागा मिळत नाही म्हणून विनीता या धुळीच्या गावात आली, तिने इथे बस्तान बसवलं, आणि मग तिच्या आधाराने हृषिकेशने खाणीत नोकरी धरली. विनीता इथे आली नसती तर हे सगळे पर्थच्या एखाद्या उपनगरात राहिले असते, आणि ओवीला रूरल म्हणवून घ्यायला जागाच नसती. हे स्वरदाला अनेकदा सुचलं होतं. आज पहिल्यांदा ती ते मोठ्याने म्हणाली.

"आपण इथे विनीतामुळे आलो. ओवीची सीट विनीतामुळे आहे. एवढं तरी म्हण."

हृषिकेशने बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं गाडीत खिडकीबाहेर बघणारी ती आज सरळ त्याच्याकडे बघत होती.

"बाबा, सिंपल आहे," ओवी म्हणाली. तिने फोन टेबलावर ठेवला. "काकूची सीट तुमची होती, तर मग ही रुद्रची आहे. मी परत देते. काकूची सीट काकूची होती, तर ही माझी. तुम्ही ठरवा. तुम्ही जे म्हणाल ते बटण मी दाबते."

हृषिकेशने आधी मेव्हण्याकडे पाहिलं, मग केककडे. ती सीट सोडायची म्हणजे काय, हे त्या टेबलावर फक्त त्यालाच कळत होतं. त्या सीटच्या जोरावर त्याने आपलं साधारण आयुष्य अन्यायाचं म्हणून खपवलं होतं. ती गेली की तो फक्त बारावीला कमी पडलेला एक मुलगा उरत होता. पण समोर पोरगी उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ती माझी नव्हती," तो म्हणाला.

"मला नाही, बाबा. काकूला सांगा."

त्याने खुर्ची वळवली. "विनीता, ती सीट तुझीच होती. मी उगाच..." त्याला शब्द सापडेना. "पंगतीत बोललो ते चुकलं. आणि नंतरचंही. मला लाज वाटते त्याची."

विनीताने चमचा खाली ठेवला. हे वाक्य कधी ऐकायला मिळालं तर आपण काय उत्तर द्यायचं, हे तिने खूप वर्षांपूर्वी ठरवून ठेवलं होतं. ते उत्तर फार धारदार होतं. आज शोधलं तर त्यातला एकही शब्द आठवेना.

"मला माहीत होतंच," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला कळलं, बरं झालं. पण एक सांगते. ओवीची आणि माझी एकच गोष्ट, असं उद्यापासून ग्रुपवर लिहू नका. तुम्ही इथे पगारासाठी आलात. मला सीट मिळाली तेव्हा मेसमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. पूर्ण पहिलं वर्ष. हिच्या शेजारी बसायला मुली भांडतील."

"मग माझं तर जास्तच अनफेअर आहे," ओवी म्हणाली.

"आहे थोडं. रुद्रच्या बाबतीतही थोडं झालंय, मामा उगाच तळमळत नाहीये." शैलेंद्रने मान वर केली. सकाळपासून हे त्याला कुणीच म्हटलं नव्हतं. "पण इथे लोक गुडघा दाखवायला विमानाने पर्थला जातात. शहरातली नव्व्याण्णववाली मुलं इकडे फिरकत नाहीत, म्हणून ती जागा ठेवली आहे. ती बक्षीस नाही, तुझ्या गळ्यात घातलेलं काम आहे ते. डॉक्टर हो आणि इथे परत ये. मला कित्येक वर्षांत धड रजा मिळालेली नाही. तू आलीस की मी माझ्या खुर्चीवरून उठते, तू बस."

ओवीने नाक पुसलं. "प्रॉमिस नाही करत. मला पीडिॲट्रिक्स करायचंय."

"इथे पोरं नाहीत का?"

"बाय द वे, मामा," ओवी म्हणाली, "रुद्रने सकाळीच मेसेज केलाय. त्याने फिजिओथेरपी घेतली. ही सेज, टेल डॅड टू स्टॉप फाइटिंग माय फाइट."

शैलेंद्रने तो मेसेज दोनदा वाचला. "मला नाही सांगितलं त्याने," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने त्याने स्वरदाकडे आणखी एक पुरी मागितली.

ओवीने फोन उचलला. स्वरदाचा हात पदराकडे गेला, जीन्स घातली आहे हे लक्षात आल्यावर तिने तो नॅपकिनला पुसला. टेबलावर ठेवलेल्या फोनला श्रीखंड लागलं होतं, म्हणून बटण दोनदा दाबावं लागलं. मग तिने पडदा सगळ्यांना दाखवला आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

"आता ग्रुपवर दुरुस्ती टाका," ती तिथूनच म्हणाली.

"उद्या टाकतो."

"बाबा."

हृषिकेशने चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'दुरुस्ती. ओवीला ओपनमधून नाही, रूरल कोट्यातून मिळालं आहे.' 'पाथवे' असं त्याने आधी लिहिलं होतं. विनीताकडे एकदा बघून त्याने ते खोडलं होतं.

पुण्यात सकाळ होती. बापूंचं उत्तर लगेच आलं. 'रूरल म्हणजे आपल्यातलं ईडब्ल्यूएस का? मग हरकत नाही.'

विनीता इतकी हसली की तिला ठसका लागला. शैलेंद्रनेच तिला पाणी दिलं.

केक कापायला हृषिकेश उठला. निळा राडा झालेल्या बाजूचा मोठा तुकडा त्याने ओवीच्या ताटलीत ठेवला. खरवडताना 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स'ही फासलं गेलं होतं, आणि उरलेल्या बाजूला फक्त एक शब्द धड राहिला होता. त्याच्याभोवती त्याने सुरी जपून फिरवली, एकही अक्षर तुटू न देता तो तुकडा उचलला आणि विनीतापुढे ठेवला.

विनीताने ताटली फिरवून शब्द आपल्या बाजूने सरळ केला, वाचला, आणि चमच्याने पहिलं अक्षर तोडून तोंडात टाकलं.

"फार गोड आहे," ती म्हणाली. "तरी तुमच्या घरी हे एवढ्या कौतुकाने का ठेवतात, ते मला कधी कळलं नाही."

तिने तुकडा मात्र पूर्ण संपवला.